पदकामागची नजर: जुन्या कॅल्डेकॉट चित्रपुस्तकांचे पुनर्वाचन

१/ १९४१ साली अमेरिकेतील ग्रंथपालांनी वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपुस्तकाचे पदक एका कुटुंबाच्या इतिहासाला दिले. पुस्तकाचे नाव 'दे वेअर स्ट्राँग अँड गुड'. लेखक आणि चित्रकार रॉबर्ट लॉसन यांनी त्यात आपले आईवडील व त्यांचे आईवडील यांच्या कष्टाळू आयुष्याची कहाणी रेखाटली होती. काही दशकांनंतर याच पुस्तकातील शब्द प्रकाशकांना बदलावे लागले. पदक मात्र पुस्तकाकडेच राहिले. गौरव आणि दुरुस्ती एकाच पुस्तकाच्या वाट्याला कशी आली, आणि अशी जुनी पारितोषिकप्राप्त चित्रपुस्तके आज कशी वाचावीत, याचा हा धागा.

२/ प्रथम पदकाविषयी. फ्रेडरिक मेल्चर हे अमेरिकेच्या ग्रंथव्यवसायातील वजनदार नाव. त्यांच्या प्रेरणेने १९२२ पासून बालसाहित्यासाठी न्यूबेरी पदक दिले जाऊ लागले. कोलकात्याजवळ जन्मलेल्या धनगोपाळ मुखर्जी यांच्या 'गे-नेक' या कबुतराच्या कथेला १९२८ साली मिळाले ते हेच पदक. मात्र न्यूबेरी हे लेखनाचे पदक होते. चित्रकाराचे श्रेय त्यात मागे पडत असे. म्हणून मेल्चर यांनी १९३७ साली केवळ चित्रपुस्तकांसाठी दुसरे पदक सुचवले. १९३८ पासून ते दिले जाऊ लागले. त्याचे नाव कॅल्डेकॉट पदक.

३/ निवड अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या बालविभागातील ग्रंथपालांची समिती करते. चित्रकार अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा लागतो. पुस्तक आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेले असते, म्हणजे १९४२चे पदक १९४१च्या पुस्तकाला. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की पदक चित्रकाराला मिळते, लेखकाला मिळत नाही. पहिल्याच वर्षी याचा प्रत्यय आला. 'ॲनिमल्स ऑफ द बायबल' या पुस्तकासाठी बायबलमधील उतारे हेलन डीन फिश यांनी निवडले होते, परंतु पदक चित्रकार डोरोथी लॅथ्रॉप यांना एकट्यांना मिळाले.

४/ पदक अमेरिकेचे असले तरी ज्याच्या नावाने ते दिले जाते तो माणूस इंग्रज. रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांचा जन्म १८४६चा, चेस्टरचा. तरुणपणी बँकेत कारकुनी, फावल्या वेळात चित्रे. पुढे लंडनमधील मुद्रक एडमंड इव्हान्स यांच्याशी गाठ पडली. लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करण्यात इव्हान्स निष्णात होते. १८७८च्या नाताळापासून दोघांनी दरवर्षी दोन याप्रमाणे मुलांची सोळा पुस्तके काढली. किंमत प्रत्येकी एक शिलिंग. प्रकृतीला मानवेल अशी हवा शोधत कॅल्डेकॉट अमेरिकेत गेले आणि १८८६ साली फ्लोरिडात, चाळिशीही न गाठता, निवर्तले.

५/ कॅल्डेकॉट यांचे मोठेपण केवळ सुबक रेषेत नाही. शब्द थांबतात तेथून त्यांचे चित्र पुढे जाते. एका सुपरिचित इंग्रजी बडबडगीताच्या शेवटी ताटली चमच्यासोबत पळून जाते. गीत तेथेच संपते. कॅल्डेकॉट यांच्या पुस्तकात मात्र आणखी एक चित्र आहे: ताटलीचे तुकडे झालेले, आणि चमच्याला त्याचे वडीलधारे सुरी-काटे धरून घरी नेत आहेत. गीतात या शोकांतिकेचा एक शब्दही नाही. मजकूर एक सांगतो, चित्र दुसरेच सांगते, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत वाचणारे मूल स्वतः अर्थ लावते. आधुनिक चित्रपुस्तकाचा पाया येथे घातला गेला.

६/ म्हणून जुने चित्रपुस्तक हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: शब्द सांगत नाहीत असे चित्र काय सांगते? केवळ मजकूर वाचून चित्रपुस्तकाचे परीक्षण लिहिणे म्हणजे नाटकाची संहिता वाचून प्रयोगाविषयी मत देण्यासारखे. आणि याच कसोटीवर काही पदकविजेती पुस्तके आज फिकी वाटतात, कारण त्यांतील चित्र शब्दांच्या मागून आज्ञाधारकपणे चालत राहते.

७/ दुसरा प्रश्न छपाईचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रंग महाग होता. आज संगणकावर चित्राचे रंग क्षणात वेगळे होतात. तेव्हा कित्येक चित्रकारांना हे काम हाताने करावे लागे. काळ्या रेषांचे मुख्य चित्र एका कागदावर, त्यावर बसवलेल्या पारदर्शक पत्र्यांवर प्रत्येक रंगाचा स्वतंत्र आराखडा, आणि छापताना हे सारे थर एकमेकांवर तंतोतंत बसावे लागत. केसभर चूक झाली की गाल एकीकडे आणि लाली दुसरीकडे. कित्येक पुस्तकांत एक जोडपान रंगीत आणि पुढचे काळेपांढरे दिसते. त्यामागे बहुधा कलादृष्टीपेक्षा छापखान्याचा हिशेब असे.

८/ १९४० साली 'अब्राहम लिंकन' या चित्रचरित्रासाठी पदक मिळवणारे इंग्री आणि एडगर दोलेर हे दांपत्य तर चित्रे थेट दगडावर काढत असे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले, त्यामागचे तत्त्वही हेच: तेलकट रेषा शाई धरते, ओला दगड शाई झिडकारतो. इंग्री नॉर्वेच्या, एडगर यांचा जन्म म्युनिकचा. अमेरिकेच्या सर्वांत लाडक्या राष्ट्राध्यक्षाचे हे पदकविजेते चित्रण युरोपातून आलेल्या दोघांनी युरोपीय शिळाछापाने केले होते.

९/ हा अपवाद नाही. मिस्का पीटरशॅम हंगेरीत जन्मलेले, फ्योडोर रोजान्कोव्स्की रशियातून आलेले, मॉरिस सेंडॅक आणि एझ्रा जॅक कीट्स पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबांतील ब्रुकलिनची मुले. 'अमेरिकन' चित्रपुस्तक घडवण्यात स्थलांतरितांचा आणि त्यांच्या मुलांचा वाटा फार मोठा आहे. समितीने चित्रकारांची मूळ गावे पाहिली नाहीत, हे तिच्या श्रेयाचे. चित्रांतील माणसे कोण, हे तिने किती पाहिले, हा मात्र वेगळा प्रश्न.

१०/ त्याआधी एक आनंदाचा थांबा. १९४२चे पदक रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या 'मेक वे फॉर डकलिंग्ज'ला मिळाले. बॉस्टन शहरात बदकांचे एक जोडपे घर शोधते आणि आई आठ पिलांना घेऊन भर रहदारीतून सार्वजनिक उद्यानाकडे निघते, एवढीच कथा. बदकांची चाल नेमकी उतरावी म्हणून मॅक्लॉस्की यांनी न्यू यॉर्कमधील आपल्या घरात खरी बदके आणून ठेवली आणि वही-पेन्सिल घेऊन ते त्यांच्या मागे फिरले. साऱ्या पुस्तकात तपकिरी हा एकच रंग आहे, तरी एकही पान उणे वाटत नाही. १९८७ पासून त्या उद्यानात आई आणि आठ पिले यांची ब्राँझची शिल्पे उभी आहेत.

११/ त्याच्या पुढच्याच वर्षीचे 'द लिटल हाउस' हे व्हर्जिनिया ली बर्टन यांचे पुस्तक पाहावे. टेकडीवरचे एक लहानसे घर. पानामागून पान उलटते तसे रस्ते येतात, इमारती येतात, आगगाड्या येतात, आणि घर धुळीत व अंधारात गडप होते. घर पानाच्या मधोमध तसेच राहते, भोवतालचे जग बदलत जाते. नागरीकरणाचा इतिहास शिकवायला याहून सोपे साधन क्वचितच सापडेल. मुंबई-पुण्यात वाड्यांच्या जागी उंच इमारती उठताना पाहिलेल्या वाचकाला या पुस्तकासाठी भाषांतराची गरज भासणार नाही.

१२/ आता तिसरा प्रश्न, आणि तो अवघड आहे: चित्रातील मूल कोण, आणि त्याच्याकडे कोणाच्या नजरेतून पाहिले आहे? १९३९चे पदकविजेते 'मेइ ली' चीनमधील एका मुलीची गोष्ट सांगते. चित्रकार टॉमस हँडफोर्थ पेकिंगमध्ये राहिले होते आणि त्यांची नायिका तेथील एका खऱ्या मुलीवर बेतलेली होती. नववर्षाच्या जत्रेत मुलीचे काय काम, असे भाऊ विचारतो, आणि ती हट्टाने जत्रेत जाऊन नाना पराक्रम करून दाखवते. रेषा डौलदार, गर्दीची दृश्ये जिवंत. परंतु शेवटी मुलीचे राज्य म्हणजे तिचे घर, असा निर्वाळा पुस्तक देते. जत्रेने उघडलेले दार शेवटच्या पानावर बंद होते.

१३/ पहिल्या टप्प्यात उल्लेखलेल्या लॉसन यांच्या पुस्तकाकडे याच प्रश्नासह परतावे. त्यांचे वडील गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेत वाढले. वडिलांच्या बालपणीची मालमत्ता सांगताना पुस्तक दोन कुत्रे आणि एक गुलाम मुलगा एकाच दमात मोजते. मूलनिवासींसाठी पाळीव जनावरांना शोभावे असे विशेषण वापरलेले होते. नंतरच्या आवृत्तीत शब्द बदलले, ते विशेषण गेले. पण कुत्रे आणि माणूस एकाच यादीत घालणारी रचना तशीच राहिली. शब्द खोडता येतो. वाक्याची नजर खोडायची तर वाक्यच नव्याने लिहावे लागते.

१४/ मॉड आणि मिस्का पीटरशॅम यांच्या 'द रूस्टर क्रोज' या बडबडगीतांच्या संग्रहाला १९४६ साली पदक मिळाले. त्यातील काही पानांवर कृष्णवर्णीय मुलांची ठरावीक साच्यातली, हास्यास्पद चित्रे होती. पुढच्या आवृत्त्यांतून ती पाने काढण्यात आली. पदकाचे चिन्ह असलेली आजची प्रत म्हणजे ग्रंथपालांनी ज्या पुस्तकाला पदक दिले ते पुस्तक नव्हेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. आजची प्रत चाळून कोणी असा निष्कर्ष काढला की १९४६च्या समितीला या पुस्तकात काही आक्षेपार्ह दिसले नाही, कारण आक्षेपार्ह काही नव्हतेच, तर तो निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा ठरेल.

१५/ या अदृश्यतेला आकडे मिळाले ते १९६५ साली. नॅन्सी लॅरिक यांनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी पडताळणीला घेतली. त्यांपैकी ज्यांत मजकुरात वा चित्रात एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आहे अशी पुस्तके ३४९, म्हणजे ६.७ टक्के. लक्षात घ्या, ही वर्षे नागरी हक्क चळवळीच्या ऐन भराची होत. रस्त्यावर मोर्चे निघत होते आणि मुलांच्या कपाटात शांतता नांदत होती.

१६/ त्या शांततेला पहिला मोठा छेद दिला १९६३च्या पदकविजेत्या 'द स्नोई डे'ने. एझ्रा जॅक कीट्स यांचे मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूद्वेषाच्या वातावरणात त्यांनी नाव बदलले होते. १९४० साली 'लाइफ' साप्ताहिकात त्यांना एका कृष्णवर्णीय बालकाच्या छायाचित्रांची छोटी मालिका दिसली. ती कापून त्यांनी जपून ठेवली. पुढे अनेक वर्षे ते इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत राहिले. त्या संहितांत कृष्णवर्णीय मूल नायक म्हणून कधीच येत नव्हते. अखेर स्वतःचे पुस्तक लिहायला घेतले तेव्हा कात्रणातील तो मुलगा पीटर झाला.

१७/ पीटर काय करतो? लाल पोशाख घालून बर्फात जातो. पाऊलखुणा उमटवतो, काठीने फांदीवरचा बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो विरघळलेला पाहून हिरमुसतो. बस्स. कोणताही धडा नाही, कोणतीही समस्या नाही. कृष्णवर्णीय मुलाला पुस्तकात येण्यासाठी दुःखाचा परवाना लागत नाही, हेच या पुस्तकाचे बंड. तंत्रही तसेच मोकळे: निरनिराळ्या कागद-कापडांचे तुकडे चिकटवून केलेले कोलाज, खोडरबराच्या ठशांनी उमटवलेले हिमकण, टूथब्रशने उडवलेले शाईचे शिंतोडे.

१८/ तरीही टीका झाली, आणि ती लॅरिक यांच्याच लेखात. मजकुरात मुलाच्या वंशाचा उल्लेख नाही आणि आईचे चित्र जुन्याच साच्यातले आहे, असा त्यांचा आक्षेप. कीट्स यांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून प्रत्युत्तर दिले. चित्रात मुलगा दिसत असता तो कोण हे शब्दांत वेगळे सांगावे का, हा वाद वरवरचा नाही. पाचव्या टप्प्यातील तत्त्व येथे पुन्हा कामी येते: शब्द गप्प आहेत, चित्र बोलते आहे. दुसऱ्या बाजूला, कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट गौरवर्णीय चित्रकारानेच का सांगावी, हा प्रश्नही रास्त होता. लिओ डिलन हे कॅल्डेकॉट पदक मिळवणारे पहिले आफ्रिकन अमेरिकन चित्रकार. पत्नी डायन यांच्यासह त्यांना ते १९७६ साली मिळाले, आणि पाठोपाठ १९७७ सालीही. म्हणजे पदक सुरू झाल्यानंतर ३८ वर्षांनी.

१९/ समितीची नजर चुकते तशी थोर ग्रंथालयांचीही चुकते. लेखिका मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या 'द लिटल आयलंड'ला १९४७ साली पदक मिळाले. नियमाप्रमाणे ते गेले चित्रकार लेनर्ड वाइसगार्ड यांच्याकडे. त्याच वर्षी ब्राउन यांचे 'गुडनाइट मून' निघाले, चित्रे क्लेमेंट हर्ड यांची. त्याला पदक नाही. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीने तर १९७२ पर्यंत ते कपाटातही ठेवले नाही. याच ग्रंथालयाने २०२० साली आपल्या इतिहासात सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकाचे नाव जाहीर केले: 'द स्नोई डे', ४,८५,५८३ वेळा. 'गुडनाइट मून' पाव शतक उंबऱ्याबाहेर राहिले नसते तर तेही वरच्या क्रमांकावर असते, हे ग्रंथालयाने त्या वेळी मान्य केले. म्हणून चौथा प्रश्न: त्या वर्षी पदकाविना राहिलेली पुस्तके कोणती?

२०/ उलट, १९६४चे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' समितीच्या धैर्याचा दाखला आहे. सेंडॅक यांचा मॅक्स आईवर रागावतो आणि राक्षसी प्राण्यांच्या देशात जातो. आरंभी चित्र पानाच्या मध्यात लहानशा चौकटीत आहे. मॅक्सच्या कल्पनेबरोबर ते पसरत जाते, शब्दांना हद्दपार करते, सलग तीन जोडपाने केवळ चित्रांची होतात. मग ते ओसरते आणि शेवटच्या पानावर फक्त शब्द उरतात. १९६९ साली मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी या पुस्तकावर टीका केली, मुलांच्या मनात ते भीती रुजवील म्हणून. मुलांनी त्यांचे ऐकले नाही.

२१/ आता या धाग्यातील सर्वांत जवळचे पुस्तक. १९६२चे पदक 'वन्स अ माउस'ला मिळाले. चित्रकार मार्शा ब्राउन (मार्गारेट यांच्याशी नाते नाही). तीनदा हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या चित्रकार. लाकडात कोरलेल्या ठशांवरून छापलेली ही चित्रे आहेत. रंग मोजके, आणि लाकडाच्या शिरा मुद्दाम दिसू दिलेल्या, त्यामुळे जणू अरण्यच कागदावर उमटते. कथा मात्र आपल्याकडे सांगायची गरज नाही. ऋषी उंदराला मांजर करतो, मांजराचा कुत्रा, कुत्र्याचा वाघ. वाघ ऋषीवरच उलटतो आणि ऋषी त्याला पुन्हा उंदीर करतो. हितोपदेशातील ही कथा, आणि 'पुनर्मूषको भव' हा वाक्प्रचार, मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वापरात आहे.

२२/ दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहावेत. हितोपदेशात लोक वाघाकडे बोट दाखवून म्हणतात की हा तर ऋषीने वाघ केलेला उंदीर. ऋषी जिवंत आहे तोवर ही नामुष्की पुसली जाणार नाही, असे वाघाला वाटते. मार्शा ब्राउन यांच्या पुस्तकात लोक नाहीत. वाघ अरण्यात मिरवू लागतो तेव्हा ऋषी स्वतः त्याला त्याच्या मुळाची आठवण करून देतो. बदल लहान, परिणाम मोठा. संस्कृत कथेतील लोकापवाद येथे उरत नाही. उरतो तो केवळ उपकारकर्ता आणि कृतघ्न.

२३/ आणखी एक गोष्ट गळली आहे, आणि ती भारतीय वाचकाच्याच लक्षात येण्यासारखी आहे. हितोपदेशात ही कथा येते ती एका नीतिवचनाचा दाखला म्हणून: नीच माणूस उच्चपदी पोहोचला की धन्यालाच मारू पाहतो. म्हणजे मुळात ती राजाला दिलेली ताकीद आहे, खालच्याला वर आणू नका. अमेरिकेतील पुस्तकात ही ताकीद नाही. तेथे ऋषी लहान आणि मोठे यांविषयी चिंतन करताना दिसतो, आरंभीही आणि अखेरीसही. समितीने जे गौरवले ते सुंदर काष्ठशिल्प आणि एक प्राचीन बोधकथा. 'लहान' आणि 'मोठे' हे शब्द या भूमीत जन्माने कसे वाटले गेले, हे तिला दिसण्याचे कारण नव्हते.

२४/ आपल्याला मात्र दिसायला हवे. लॉसन यांच्या यादीतील गुलाम मुलगा वाचताना जो वाचक अस्वस्थ होतो, त्याने 'पुनर्मूषको भव' सहज उच्चारताना तेवढेच थबकावे. वर आलेल्या उंदराने नम्रच राहावे, आपले मूळ विसरू नये, आणि ते त्याला कोण ऐकवील हे वरच्याने ठरवावे, ही अपेक्षा कथेत दडलेली आहे. म्हणून कथा फेकून द्यावी असे नाही. वाघाच्या बाजूनेही ती एकदा सांगून पाहावी, एवढेच. परक्यांच्या पुस्तकातील दोष शोधणे सोपे असते. तीच कसोटी आजीच्या गोष्टीला लावणे जड जाते.

२५/ मग जुनी पुस्तके दुरुस्त करावीत की नाही? येथे दोन वाचकांची गल्लत होते. एक सहा वर्षांचे मूल, जे चित्रात स्वतःला शोधते. आपल्यासारख्या माणसांची टिंगल पाहून त्याने का दुखावले जावे? त्याच्या हाती बदललेली प्रत देण्यात काही गैर नाही. दुसरा वाचक इतिहासाचा. त्याला मूळ प्रतच हवी, कारण तो पुरावा आहे. यावर तोडगा साधा आहे. बदललेल्या प्रतीवर काय बदलले हे स्पष्ट छापावे, आणि मूळ प्रत ग्रंथालयाने सांभाळावी. गुपचूप केलेली दुरुस्ती हीच खरी हानी. तीत मुलाचा फायदा होतो, पण पूर्वी काय घडले होते याची खूणही पुसली जाते.

२६/ सारांश. पदकविजेते जुने चित्रपुस्तक हाती आले की चार प्रश्न विचारावेत. शब्द गप्प असताना चित्र काय सांगते? ते कसे छापले, आणि त्या मर्यादेतून चित्रकाराने काय साधले? चित्रातील मूल कोण, पाहणारा कोण? त्या वर्षी कोणते पुस्तक मागे राहिले? शक्य असेल तेथे पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहावे. पदकाच्या एका बाजूला कॅल्डेकॉट यांनी काढलेला जॉन गिल्पिन आहे, उधळलेल्या घोड्यावर कसाबसा बसलेला. आपण कोठे चाललो आहोत हे त्याला ठाऊक नाही. लोक मात्र रस्त्याच्या कडेने कुतूहलाने पाहत आहेत. निवड समित्यांचेही बरेचसे असेच असते. घोडा पुढे निघून गेल्यावर तो कोणत्या वाटेने गेला हे शोधणे, हे वाचकाचे काम.

(धागा समाप्त)